जंगलाचा पडदा

निनावे सर मंगळवारी गेले.
बुधवारी त्यांचा पुतण्या दुकानात आला,
म्हणाला, सहा बाय चारचा काढ, फोटो हा घे,
मागं काहीतरी निसर्गाचं टाक.

माझ्या संगणकात निसर्ग पुष्कळ आहे.
बर्फाचे डोंगर, हंसांचं तळं,
कोणाच्या तरी देशातली ट्युलिपची शेतं.
वाढदिवसाला चालतात, तेरवीलाही चालतात.
हंसांवर सरांचा चेहरा ठेवून बघितला.
एलिमेंटरीच्या सरावाला बघायचे
तसेच बघत होते –
कवडू, वांग्याचं देठ कुठाय?

सर पवनीचे, कोष्ट्याघरचे.
सूत रंगवायच्या हंड्यात
त्यांनी म्हणे पहिल्यांदा बोट बुडवलं.
नागपूरला शिकले, परत आले,
आणि आमच्या शाळेत छत्तीस वर्षं
आठवड्याला दोन तासिका.
त्यातली एक गणिताचे झोडे सर मागून न्यायचे.

उरलेल्या तासाला आम्हाला
बोडीच्या पाळीवर नेऊन बसवायचे.
वही बंद. सावलीचा रंग सांगा.
काळा, आम्ही सगळे ओरडलो.
नीट बघ ना बाप्पा, म्हणाले,
पाठ केलेलं नको सांगू.
रेवंता नेवारे म्हणाली, जांभळी.
सर काही बोलले नाहीत,
खिशातली बोरं काढून तिला दिली.

दिवाळी झाली, मंडई लागली की
शाळेच्या व्हरांड्यात मांजरपाट पसरायचं.
आम्ही चिंचोक्याची खळ शिजवायचो,
सर गावोगावच्या नाटकांचे पडदे रंगवायचे:
महाल, रस्ता, तुरुंग, गरिबाची झोपडी
आणि जंगल.
महालाला शंभर, जंगलाला दीडशे,
कारण जंगलात ते घाई करत नसत.
पहाटे चारला नायिका हंबरडा फोडायची,
बांधीत घोंगड्या पांघरून बसलेलं गाव रडायचं,
मी झाडं बघायचो.
मोह, येन, तेंदू. एकही झाड खोटं नव्हतं.
सही कुठेच नाही.
विचारलं तर म्हणायचे,
आडनावच निनावे, अजून काय लिहू?

हा विनोद त्यांना महागात पडला.
निवृत्तीच्या कागदात कारकुनानं लिहिलं, निनावी,
आणि पंधरा महिने पेन्शन
कोणाचीच नसल्यासारखी जिल्ह्याला पडून राहिली.
सर तिथं जाऊन बसायचे,
येताना झोपलेल्या शिपायाचं
पेन्सिलचित्र घेऊन यायचे.

त्याच वर्षी मी मशीन आणलं.
पहिलं मोठं काम: नाटक मंडळाचे पाच पडदे, फ्लेक्सवर.
सर दुकान बघायला आले.
माझ्या जंगलावरून हात फिरवला, बोटं हुंगली,
म्हणाले, पाण्यानं खराब होत नाही, हे बरं.
चहा घेतला. अर्धाच.

मी हंस पुसून टाकले,
मोटारसायकल काढली, खैरीला गेलो.
तिथं सुकरामच्या खळ्यात, धानाच्या पुंजण्यावर
सरांचं शेवटचं जंगल पांघरलेलं असतं.
एक कोपरा उंदरांनी नेलेला,
मोहाच्या बुंध्याशी बकरीच्या लेंड्या.
फोटो काढला. सुकरामची बायको म्हणाली,
पडदा नेऊ नका भाऊ, आभाळ आलंय.

दुकानात येऊन छापला.
झाडं आली. सर आले.
सावली काळी आली.
शाई कमी केली, पुन्हा छापलं, पुन्हा काळी.
मशीनला रंग चारच, त्यातला एक काळा,
आणि तो आपणहून
सावलीत जाऊन बसतो.

पुतण्या म्हणाला, मस्त झालंय, किती द्यायचे?
घेऊन गेला.

मी शटर अर्धं ओढून उभा राहिलो.
समोर विजेच्या खांबाची सावली
गटारावरून, सायकलवरून, भिंतीवर चढलेली.
जांभळी नाही वाटत.
सांगता येत नाही.
रेवंताला विचारायला हवं.
तिला लाखनीकडे दिलंय,
नंबर असेल कोणाकडे तरी.