थांबण्याचं अक्षर

रिजायना, सास्कॅचेवान. बाहेर उणे चौतीस.
पेन्शन कचेरीच्या तळघरातही स्वेटर,
पण तो यंत्रांच्या गार वाऱ्यासाठी.

व्हर्ना कोस्टियुक म्हणाली, बस.
सुरू करायचं तर एस. पुढे नाव. एंटर.
मग तो मागे जातो, पडद्यावर दिसत नाही,
कुणी हाक मारेल म्हणून कान देऊन असतो.
काही वर्षभर तसेच बसतात, दिव्याशिवाय.

आणि थांबवायचं तर?
मी पुन्हा एसकडेच निघालो होतो,
स्टॉपचंही पहिलं अक्षर तेच ना.
ती हसली. ते सुरू करणाऱ्यानं आधीच उचललं.
थांबण्याच्या वाट्याला पी आलं.
का, ते विचारू नकोस,
एकोणतीस वर्षांत मलाही कुणी सांगितलेलं नाही.

पी म्हणजे स्वयंपाकघरातून आलेली हाक:
हातातलं आवर आणि ये.
तो फायली मिटतो, कुलपं परत करतो,
कुणाचं देणं असेल तर चुकतं करतो,
मग एक ओळ येते: संपला.
सी म्हणजे कॉलर धरून उठवणं.
त्याच्याही पुढचा एक शब्द आहे.
तो तिनं कागदावर लिहून दाखवला
आणि कागद खिशात घातला.

रविवारी पहाटे दोनला सगळं उतरवायचं होतं.
जो शेवटी चढला तो आधी उतरतो.
संपला. संपला. संपला.
पेन्शनचा सर्व्हर उठेना.
दोन वाजून नऊ. पुन्हा पी.
ऐकलंय, एवढंच उत्तर.
माझं बोट सीवर.

व्हर्नानं थर्मासचं झाकण फिरवलं, थांब म्हणाली,
आणि शोधून काढलं:
एकच जोडणी उघडी, ला राँज,
उत्तरेला, जिथून पुढे झाडंच झाडं.
तिनं फोन लावला.

ॲग्नेस रॅट ओशाळली.
रस्ता बंद झालाय, एक आजी इथंच मुक्कामाला आहेत,
दोघींनाही झोप येईना, म्हटलं फॉर्म तरी भरू.
सगळे रकाने झाले. लग्नाची तारीख अडलीये.
आजी म्हणतात,
नदीचा बर्फ फुटला, त्यानंतरचा दुसरा रविवार.
वर्ष अडुसष्ट.

मागे एक बारीक आवाज क्री भाषेत काही सांगत होता,
मध्येच हसत होता.
त्या साली नदी कधी फुटली
हे आमच्या एवढ्या मोठ्या यंत्राला ठाऊक नव्हतं.
आजींना ठाऊक होतं: भावाची होडी वाहून गेली
त्याच्या आदल्या दिवशी.
भाऊ कधी गेला, ते चर्चच्या वहीत होतं.
ॲग्नेसनं मोजलं, मीही बोटांवर मोजलं.
बारा मे.

संपला.

तीन चाळीसला एस, नाव, एंटर.
तो पुन्हा मागे जाऊन बसला.

नोंदवहीत विलंब तेवीस मिनिटं.
कारणाच्या रकान्यात व्हर्नानं
जरा विचार करून लिहिलं:
नदी.