रंगावरनं

उद्यमनगर. शटर अर्धं खाली.
शिकलगार मॅनिफोल्डला भोक पाडतोय,
ड्रिलच्या टोकाला ग्रीस.
"एक कीस आत गेला
तर टर्बोची पाती गेली, भावा."

भोकात उष्णतेची तार बसली,
पुढं पायपात दुसरा सेन्सर,
पेट्रोलला हवा किती मिळाली ते हुंगणारा.
वायरी डॅशबोर्डखालनं सरपटत वर आल्या
आणि काचेच्या कडेला
दोन तबकड्या उजळल्या.

बाबा स्टुलावर, चहा निवत चाललेला.
एकतीस वर्षं शिरोलीत भट्टीवर;
लोखंड कधी ओतायचं
ते रंगावरनं सांगायचे.
आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

रात्री जोतिबाच्या घाटात
तिसऱ्यात दाबली.
बारा. साडेअकरा. मिश्रण बरोबर.
दुसरा काटा मात्र चढतच राहिला,
आठशे, आठशे चाळीस.
वळणावर थांबवली. बॉनेट उघडलं.
अंधारात टर्बो लालबुंद.

बाबा वाकले,
उजवा डोळा बारीक केला.
"आठशे. वर थोडं."

काट्याचं मी काही बोललो नाही.
किल्लीकडं हात गेला
तसे म्हणाले,
"लगेच बंद करू नको.
भट्टीपण अशी विझवत नाहीत."

मग दोघं कठड्यावर बसून राहिलो,
इंजिन चालू ठेवून,
लाल काळं होईपर्यंत.