सापर आकाच्या मांजराचा प्रश्न

मी गुरांची डॉक्टर. माझ्याकडे येतात
अडलेल्या गाई, खूर कुजलेल्या मेंढ्या,
एकदा एक उंट, त्यानं काहीतरी गिळलेलं
आणि काय, ते मालक सांगेना.
मांजराचं इकडे कुणी विचारत नाही.
मांजर आपलं आपण जगतं, आपलं आपण मरतं.

सापर आकानं विचारलं. जानेवारी होता,
अमुदर्यानं काठाकाठानं बर्फाची साय धरलेली.
गाईला टोचून झालं. त्यानंच किटलीतून
माझ्या हातांवर कोमट पाणी ओतलं,
आणि स्वतःचंच एखादं अवघड दुखणं सांगावं
तशी टोपी काढून म्हणाला,
"झुलैहो, मांजरानं खरबूज खाल्लं तर चालतं?"

मला हसू आलं. मग त्याचा चेहरा पाहिला.

तो मला खरबुजांच्या खोलीत घेऊन गेला.
हातभर जाड मातीच्या भिंती, उजेडाला एक भोक,
आढ्यापासून लव्हाळ्याची शिंकी
आणि शिंक्याशिंक्यात एकेक खरबूज,
ऑक्टोबरपासून लटकलेलं, अजून पिकतंच आहे.
शिंकी विणली रोझीजाननं.
ती गेली त्याला तीन हिवाळे झाले, गाठी सुटल्या नाहीत.
खाली पोत्यावर मांजर. नाव मोश.
मोश म्हणजे आमच्याकडे मूग; रंग तसाच, हिरवट करडा.

शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं, म्हणतात.
इथे एकही शिंकं तुटलेलं नव्हतं.
रोज संध्याकाळी आका स्वतः
एक उतरवत होता, स्वतः चिरत होता.

मी सांगितलं, जसं कुणालाही सांगेन:
गर चालतो. अंगठ्याच्या नखाएवढा, कधीमधी.
बी काढायची. साल द्यायची नाही, आतडं अडतं.
द्राक्षं नकोत, बेदाणे तर मुळीच नकोत,
ताटात पुलावातले राहिले असतील तरी.
पोट बिघडलं तर बंद. तिचं अन्न मांस,
हा आपला चाळा.

आणि सहज, हात पुसता पुसता बोलून गेले:
"तसंही तिला गोड कळत नाही, आका.
मांजराच्या जिभेला गोड चवच नसते."

"कमी कळतं?"
"कळतच नाही."

तीस वर्षं उर्गेंचच्या बाजारात
या माणसानं एकच आरोळी ठोकली होती,
मध आहे, मध! चाखा आणि मग पैसे द्या!
तो पोत्याजवळ उकिडवा बसला.
मोशच्या तोंडाकडे बघत राहिला, जणू तिनं
इतके दिवस उधारी बुडवली होती.
"मग ही खाते तरी काय?"

वास असेल, म्हटलं. खरबुजाच्या वासात
त्यांना म्हणे मांसाचा भास होतो. किंवा गारवा.
किंवा, तू देतोस म्हणून.
शेवटचं मी बोलले नाही. हे लिहिताना सुचलंय.

ताकावर औषधांची डबी होती,
कोनाड्यात, मिठाच्या पुडीमागे.
उर्गेंचच्या डॉक्टरची चिठ्ठी चारघडी करून खाली दाबलेली.
मला वाचायची गरज नव्हती,
माझ्या बापाच्या उशाशीही तीच डबी होती:
साखर बंद, मध बंद, सुकामेवा मोजून,
खरबूज बंद.

आकानं चाकू घेतला. शिंक्यातलं एक उतरवलं,
ठोकून ऐकलं, आणखी एकदा ऐकलं.
पहिला काप गेला आणि ती सगळी बंद खोली
ऑगस्ट होऊन फुटली. मोश उठली,
अंग ताणून, घाई न करता.

त्यानं नखाएवढा तुकडा मोजला,
मला दाखवला. "एवढा?"
"एवढाच."
उरलेलं सगळं कापडात बांधून माझ्या हातात दिलं,
गाईची फी म्हणून. मांजराची वेगळी विचारली.
मग पाठमोरा होऊन त्यानं चाकू पुसला.

कशानं, ते मी पाहिलं नाही.
मी गुरांची डॉक्टर.