बाहेर एकतीस

उद्यमबागेत नझीर मिस्त्रीच्या शेडमध्ये
आमची टेंपो ट्रॅव्हलर सहा महिने घर होत होती.
बारा सीटा निघाल्या, एक पलंग आला,
शेगडीला ओटा, ओट्याखाली पाण्याची टाकी.
राहिलं होतं ते हवेचं यंत्र.

यंत्र कशाला पाहिजे, भरमा म्हणायचा.
चौतीस वर्षं फाउंड्रीत भट्टीपुढं उभा होतो,
रसाचा रंग बघून सांगायचो, ओता, नाहीतर थांबा.
मीटर माझ्या मागनं यायचं.

खरं होतं ते.
पण साखरेनं त्याचे पाय नेले, मग बोटं.
म्हणजे आहेत जागच्या जागी,
फक्त काही कळवत नाहीत.
मार्चमध्ये बंद गाडीत पडदे लावत बसला दुपारभर.
मी दार उघडलं तर झळ तोंडावर आली,
आणि हा म्हणतो, काय झालं की?
कान लाल, ओठ कोरडे, घामाचा थेंब नाही, हातात स्क्रू.

खडेबाजारात बसलिंग हत्तीहोळीचं दुकान.
गोल काट्याचं एक, पितळी कडेचं,
एक घड्याळासकट, एक वायरचं शेपूट असलेलं,
एक मोबाइलवर ओरडणारं,
आणि एक वाऱ्याच्या वाट्यांचं, खांब वेगळा.
एकाच फळीवर, एकाच पंख्याखाली
पाचांचे पाच आकडे.
खरं कुठलं?
बसलिंग हसलासुद्धा नाही. नडुविंदु तगोरी, अक्का.
मधलं घ्या म्हणे.

समोरच्या सोडावाल्याकडनं तांब्यात बर्फ मागून आणला,
फोडला, पाणी घातलं, ढवळला.
वितळत्या बर्फाला गाव कळत नाही, दुकान कळत नाही,
त्याचं शून्य ते शून्य.
शेपटाचं टोक बुडवलं.
सहा. चार. दोन. मग हळूच
शून्य पूर्णांक तीन.
तीन दशांश माफ.

भरमाचा डोळा वाऱ्याच्या वाट्यांवर,
फुंकर मारून फिरवत होता.
टपावर लावलंस तर गाडी धावताना
आपलाच वारा आपल्याला मोजून दाखवेल, मी म्हटलं.
पटलं त्याला. तरी ठेवताना अजून एकदा फिरवलं.
मोबाइलवाल्याची जांबोटी सोडली की बोलती बंद.
हवेचा दाब, उद्याच्या ढगाचं चित्र, असेल तेही काही,
आमचा उद्या आम्ही खिडकीतून बघू.
घेतलं शेपटाचं. दोन आकडे, आत आणि बाहेर.
साडेआठशे सांगून सातशे ऐंशीला दिलं, सेल फुकट.

नझीरनं पत्र्याला भोक पाडून वायर खाली सोडली,
मागच्या चाकाच्या आडोशाला, इंजिनपासून लांब.

पहिली रात्र कणकुंबीला, शाळेच्या कंपाउंडबाहेर, डिसेंबर.
बाहेर तेरा.
तेरा ऐकल्यावर भरमानं स्वेटर घातला, मोजे घातले.
थंडी वाजली नव्हती त्याला.
माझ्या तोंडच्या आकड्यावर विश्वास ठेवला.

दोनला हलवून उठवलं त्यानं.
बघ की, बाहेर एकतीस.
कणकुंबीत? डिसेंबरात?
खाली काही पेटलंय की काय,
बॅटरी घेऊन उतरले, वाकले.
चाकाशी एक तांबूस कुत्री, वेटोळं करून,
वायरचं टोक नेमकं तिच्या पोटाखाली.
एक डोळा अर्धा उघडला तिनं, मिटला.

म्हणजे यंत्र बरोबर होतं, भरमा म्हणाला.
बरोबरच. फक्त हवेचं सांगत नव्हतं.

मी झोपले. तो नाही.
अंधारात मधूनमधून वाचल्याचं ऐकू यायचं,
तीस.
एकतीस.
पुन्हा तीस.
पाचाच्या सुमाराला, बारा.

गेली वाटतं, म्हणाला,
आणि कूस बदलली.