थेंब अपुरा

सातपूरच्या गाळ्यात, कूलरच्या वाऱ्याखाली
आम्ही आपापलीच बोटं टोचून घेतली.
इक्बालभाईंची, माझी, हिशेब लिहिणाऱ्या वृंदाचीसुद्धा.
मार्च सरेपर्यंत आमच्या डाव्या हातांची
चाळणी झाली होती.
पट्टीतली नळी केसाएवढी.
तिचा साचा इक्बालभाईंनी सहा वेळा घासला,
सातव्यांदा रक्त न अडखळता
टोकापर्यंत गेलं
आणि डबीने चाळीस सेकंदांत आकडा सांगितला.
त्या संध्याकाळी मिसळ मागवली.
तर्री सांडली सर्किटच्या आराखड्यावर,
कुणी रागावलं नाही.

मग सुरगाणा. बाऱ्ह्याच्या पुढचा पाडा,
शाळेचा ओटा, आशा कार्यकर्ती तुळजाताई गावित
वही उघडून बसलेल्या.
पूर्वी बाटल्या बर्फाच्या डब्यातून नाशिकला जायच्या, त्या सांगत होत्या,
एसटी घाटात बंद पडली की रक्त वाटेतच नासायचं.
अहवाल आठवड्याने.
एकदा तर बाराव्यानंतर आला.

पहिलीच बाई जिवली भोये, सातवा महिना.
सुई टोचली. काहीच नाही.
पुन्हा टोचली. बोटावर नुसता ठिपका,
वाळलेल्या शाईचा असावा तसा.
डबी म्हणाली: थेंब अपुरा.

नागली लावून, लाकूड फोडून, दोर वळून
त्या बोटांवर जी कातडी चढली होती
ती आमच्या कुठल्याच आराखड्यात नव्हती.
आम्ही मऊ बोटांचं यंत्र केलं होतं.

तिलाच माझी दया आली.
"थांब," म्हणाली, आणि आचळ पिळावं तसं
कोपरापासून मनगटापर्यंत, मनगटापासून नखापर्यंत
रक्त खाली ओढत आणलं.
"घे. गाईपेक्षा तुझी डबी हट्टी."

चाळीस सेकंद.
ओट्यावर एक कोंबडी चढली, उतरली.
हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ.

पुन्हा घेतलं. तेच.
तुळजाताईंनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या
नि फोनला रेंज शोधत हापशापर्यंत गेल्या.
रुग्णवाहिका दुसरीकडे होती. तीन तास म्हणाले.

म्हणून आमच्याच जीपमध्ये, मागच्या सीटवर
जिवली, तिची जाऊ, मध्ये डबी.
मी पुढे बसून वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत होतो:
सुई अर्धा मिलिमीटर अजून खोल.
निम्म्या थेंबात भागलं पाहिजे.
घाटात अक्षर हलत होतं.

खिडकीबाहेर बघतच तिने विचारलं,
"दवाखान्यात पण इतक्याच लवकर करतील का रं?"

मी पेनाला टोपण लावलं.
पुन्हा काढलं.