एकशे बारा दाते

कोल्हापूरला समुद्र नाही.
रंकाळा आहे, वाऱ्याच्या दिवशी लाटाही येतात त्याला,
पण रंकाळ्यात कुणी वाट चुकत नाही.

तरी चौसष्ट साली, उद्यमनगरात,
गगनबावड्याच्या एसटीतून एक पोतं उतरलं.
आत पितळी चाक, सुक्या बांगड्याचा वास,
आणि पोत्यामागं इब्राहिम सोलकर, बत्तीवाले,
घाट लागून पार उतरलेले.

माझा बाप, कल्लाप्पा मिस्त्री,
उसाच्या चरकाची चाकं करायचा.
त्यानं खडूनं खुणा करत दाते मोजले. एकशे बारा.
नऊ गेलेले, बाकीचे झिजून सुऱ्या.
"कशाचं हो?"
"दिव्याचं."
"दिव्याला चाक कशाला लागतंय?"

मग लेथवर ठेवलेल्या चहाशेजारी
सोलकरांनी बुरूज उभा केला.
आधी नुसतं टेकाड होतं,
कोळी वर शेणीची आगटी पेटवायचे, तीही अमावास्येपुरती.
मग साहेब आला, काळा दगड आला, विलायती भिंग आलं
गवतात गुंडाळून, सतरा पेट्यांतून.
खोबरेल जाळलं, मग रॉकेल, मग रॉकेलची वाफ.
लढाईत तीन वर्षं काळोखाचा हुकूम.
सोलकरांचा आजा तेव्हाही रोज काच पुसायचा,
म्हणायचा, हुकूम दिव्याला आहे, धुळीला नाही.

"दोन उघडझापी, मग आठ आकडे काळोख.
ती आमची सही. सहावर दिवा आला
तर गलबत म्हणेल, हे दुसरंच गाव."
"आणि आता हो?"
"आता खातून फिरवतेय हातानं. मेव्हणा आहे जोडीला.
झोप यायला लागली की मोठ्यानं मोजतात."

बापानं चरकवाल्या पाटलाला सांगितलं, पुढच्या आठवड्यात या.
पाटील काय काय बोलला ते इथं लिहीत नाही.
वाळूत साचा बसला, पितळ ओतलं,
एक ओतीव भोकाड निघालं, पुन्हा ओतलं.
मग बेचाळीस भोकांची चकती लावून
दर दात्याला पंधरा भोकं पुढं,
पंधरा भोकं पुढं.
एक चुकलं की सगळं चाक भंगारात.
चार रात्री सोलकर दुकानात बाकड्यावर पडून होते.
"इथली रात्र सलग आहे, मिस्त्री. डोळा लागत नाही."

जाताना पैसे अडीच रुपये कमी भरले.
वहीत बापाचं अक्षर आहे: दिवा, १ नग. येणे २.५०.
खाली शाईचा डाग, की तेलाचा.

समुद्र न बघताच बाप गेला.
तिकडं मोटार आली, मग सोलर,
बत्तीवाल्याची जागाच रद्द झाली.
चाकाचं काय झालं कुणाला ठाऊक नाही.
शिरोलीला भट्टीपुढं भंगार ओततात
तेव्हा पिवळं काही दिसलं की मी अजून वाकून बघतो.

गेल्या मार्गशीर्षात गेलो एकदाचा.
बुरुजाला कुलूप. पायरीवर एक पोरगं मोबाईल बघत बसलेलं.
अंधार पडला.
दोन उघडझापी. मी मोजायला लागलो.
पाचावर पोरगं म्हणालं, "काका, शेवटची एसटी गेली बरं का."
आकडा तिथंच चुकला.
पुन्हा पहिल्यापासून धरला,
या खेपेला मोठ्यानं.