शिळं ऊन

पूर्णा जंक्शनच्या तिसऱ्या पिटलाइनीवर
सकाळी सहाला पॅसेंजरच्या टपावर चढते मी,
यशोधरा खिल्लारे, टेक्निशियन ग्रेड थ्री,
कमरेला पट्टा, पायात रबरी बूट,
हातात फडकं आणि एक बादली.

एकच.
सहा डब्यांना एक, असं साहेबांनी कागदावर लिहून दिलंय,
कारण कॉलनीच्या नळाला
आज नववा दिवस, पाणी नाही.

ऊन फुकट आहे आमच्याकडं.
धूळही फुकट.
दोघांच्या मधोमध हे काळे आरसे,
यांना रोज तोंड धुवून पाहिजे.

आधी कोरडं पुसते, मग ओलं, मग
फडकं पिळून तेच पाणी पुढच्या डब्याला.
सहाव्यापर्यंत बादलीत चहा झालेला असतो
आणि सहाव्याचे पंखे, सांगायला नको,
जरा दमानंच फिरतात.

खाली बाकावर यादगिरी अण्णा, रिटायर ड्रायव्हर.
"काय अम्मा, झाली का देवाची आंघोळ?"
चाळीस वर्षं झाली, त्याचं मराठी
अजून सिकंदराबादहूनच येतंय,
मधल्या सगळ्या स्टेशनांवर थांबत.

तो सांगतो, इथंच, या लोखंडी सोंडेखाली
त्याचं इंजिन उभं राहून पाणी प्यायचं
म्हशीसारखं, डोळे मिटून.
एका दमात जेवढं प्यायचं
तेवढ्यात आता कॉलनी पंधरा दिवस काढील.
"आणि तुमची गाडी काय खाती? ऊन.
पोट तरी भरतं का तिचं?"

नाही भरत, अण्णा. खोटं कशाला बोलू?
ओढायला पुढं इंजिन आहेच, त्याला वरची तार,
तारेच्या पल्याड टोकाला अजून कोळसाच जळतोय.
उन्हावर फक्त दिवे, पंखे,
आणि खिडकीजवळची ती दोन भोकं
ज्यांच्यासाठी अख्खा डबा चार्जर घेऊन भांडतो.
एवढंच.

पण मे महिन्यात, टप हात लावू देत नाही तेव्हा,
बुटाचा तळ पत्र्याला चिकटतो तेव्हा,
वाटतं, हे जे माथ्यावर येऊन बसलंय
त्याला पहिल्यांदाच कुणी कामाला लावलंय.
आजवर नुसतं खात बसलं,
विहिरी खाल्ल्या, माणसांची कातडी खाल्ली.
आता म्हणावं, पंखा फिरव.

रात्रीची फेरी मात्र
शिळ्या उन्हावर जाते.
टोपल्यात झाकून ठेवलेल्या भाकरीसारखं
दिवसभराचं उरलेलं
डब्याखालच्या पेट्यांत असतं.
चुडाव्याच्या अलीकडं गाडी क्रॉसिंगला थांबते,
पाऊण तास, कधी दीड,
बाहेर काळं रान, आत दिवा,
आणि दुपारचं ऊन
कुणाच्या तरी घामाला वारा घालत बसतं.

मी तिथं नसते. मी घरी,
खांद्याला बाम चोळून झोपलेली.
मला सकाळी मीटर सांगतो.
डबा एक, अर्धं शिल्लक.
डबा तीन, त्याहून थोडं कमी.
डबा चार जवळजवळ भरलेला,
म्हणजे लोकच नव्हते, नाहीतर पंखे बंद.
डबा सहा, शून्य.

सहावा झाडताना मकदूमभाईला
शेंगांच्या टरफलांत एक कागद सापडला.
दोन्ही बाजूंनी गणितं.
नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तसली,
भरतीच्या परीक्षेची.
शेवटचं अर्ध्यावर सुटलेलं,
पेन बरोबरीच्या चिन्हावरून
खाली घसरत गेलेला.
"झोप लागली असंल पोराला," मकदूमभाई म्हणाला.

असंल.
नाहीतर दिवा गेला असंल.

रजिस्टरात शेऱ्याचा रकाना असतो, बोटभर रुंद.
मी लिहिलं, गणित अर्धं राहिलं.
मग खोडलं.
लिहिलं, धूळ.

दुसऱ्या दिवशी सहाव्यापासून सुरुवात केली.
खालून अण्णा, "आज उलटं कामून?"
मी काही बोलले नाही. बादली नितळ होती,
तिच्यात माझं तोंड दिसत होतं, वर पट्टा, वर आभाळ.

पहिल्या डब्यावर पोचले
तेव्हा तिचा चहा झाला होता.